सर्जन आधी, तारा नंतर : निपाणीतल्या एका जबड्याचं प्रकरण

कर्नाटकाच्या सीमेवरच्या निपाणीत माझा दातांचा दवाखाना आहे, तिथे हे प्रकरण एका चिठ्ठीने सुरू झालं. मुलगी साडेअठरा वर्षांची, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. सोबत आई. चिठ्ठी एका मोठ्या शहरातल्या, तारा बसवणाऱ्या क्लिनिकची होती आणि तिच्यावर एवढंच होतं की खालच्या जबड्यातली दोन्ही बाजूंची पहिली उपदाढ, म्हणजे सुळ्यामागचा दात, काढून द्यावी. आईने पर्समधून आधीच सुटे पैसे काढून हातात धरले होते. "दोन दात काढा म्हणून सांगितलंय डॉक्टर. आज एक काढा, पुढच्या शनिवारी एक. मग तारा बसवणार हायत."

मुलीचा खालचा जबडा पुढे होता. तोंड मिटलं की खालचे दात वरच्या दातांच्या पुढे, चांगले चार मिलिमीटर. मी भूल भरलेली सिरिंज पुन्हा ट्रेमध्ये ठेवली आणि तिला विचारलं, "भाकरीचा तुकडा समोरच्या दातांनी तुटतो का गं?" ती म्हणाली, "हाताने तोडूनच खाते. कणीस तर सुरीने सोलून." पेरू दाढेखाली धरून फोडायचा, 'स' आणि 'श' म्हणताना जीभ अडखळायची, वर्गात वाचायला उभं केलं की घाम फुटायचा. हे कुणी कधी विचारलं नव्हतं. क्लिनिकमध्ये फोटो काढले होते, बोलणं झालं होतं ते हसू कसं दिसेल यावर.

दात का काढले नाहीत, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळं प्रकरण इथेच वळलं. खालचा जबडा पुढे वाढला की निसर्ग आपल्या परीने जुळवून घेतो. खालचे पुढचे दात आत झुकतात, वरचे बाहेर झुकतात. हाडातला फरक दहा मिलिमीटरचा असला तरी दातांत चारच दिसतो. आता वाटा दोन. हाडाला हात न लावता फक्त दात आणखी झुकवायचे आणि उलटा चावा झाकायचा. यासाठी बहुधा खालच्या उपदाढा काढतात. किंवा हाडच सरकवायचं. मग आधी दात आपापल्या हाडावर सरळ उभे करावे लागतात आणि त्यासाठी दात काढायची वेळ आलीच तर बहुधा वरचे काढतात. म्हणजे दोन वाटांचे काढायचे दातसुद्धा उलटे. खालचे दोन काढून बसलात आणि दोन वर्षांनी ठरवलं की शस्त्रक्रियाच हवी, तर त्या मोकळ्या जागा पुन्हा उघडा, तिथे कृत्रिम दात बसवा, आणि तारांची दोन वर्षं पाण्यात. सौम्य फरक असेल तर झाकण्याची वाट चांगलीच असते, मी तिला नावं ठेवत नाही. हा फरक सौम्य नव्हता. आणि चिठ्ठी लिहिण्याआधी या मुलीला जबड्याच्या सर्जनने एकदाही पाहिलं नव्हतं.

आईला मी म्हटलं, "ताई, दात आज नाही काढत. आधी सर्जन ठरवू, मग तारा." ताईंना ते उलटं वाटलं. घर बांधायच्या आधी रंगारी ठरवल्यासारखं वाटलं असावं.

इथे माझी स्वतःची चूक नोंदवून ठेवतो. ही मुलगी तेरा वर्षांची असताना दाढ किडली म्हणून माझ्याकडे आली होती. जुन्या कार्डावर माझ्याच अक्षरात 'खालचा जबडा किंचित पुढे' असं आहे. त्या वेळी मी काय म्हणालो ते आईला शब्दन् शब्द आठवत होतं : "मोठी होईल तसं बसेल." बसत नाही. खालचा जबडा शरीरात उशिरापर्यंत वाढणाऱ्या हाडांपैकी आहे, असा कल असेल तर वयात येताना तो वाढतोच. वरचा जबडा पुढे ओढणारा मुखवटा साधारण आठ-दहा वर्षांपर्यंत लावला तर उपयोगी पडतो. तेराव्या वर्षी तसाही उशीर झाला होता. पण दरवर्षी चेहऱ्याचा बाजूने एक एक्स-रे काढून ठेवला असता तर वाढ थांबली की नाही हे आज हातात असतं.

पाटीवरचा सर्जन

दोन दिवसांनी घरची सगळी मंडळी आली. वडील तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस, आजी, आणि गडहिंग्लजहून खास बोलावलेले मामा. आजींनी सुरुवातीलाच निकाल दिला : "देवानं दिल्यालं तोंड हाय, कापायचं कशापायी? सोन्यासारखी पोर हाय." मामांचं गणित वेगळं होतं. पुढच्या वर्षी स्थळं बघायची होती, तेव्हा काय करायचं ते दिवाळीच्या आत करा. वडील काहीच बोलले नाहीत. मुलगी मोबाइलमध्ये बघत होती, पण ऐकत होती.

पहिला गोंधळ शब्दाचा. मामांनी विचारलं, "तुमच्याच पाटीवर सर्जन लिवलंय की वो, तुम्हीच का करत न्हाई?" बरोबर आहे. आमच्याकडे बी.डी.एस., म्हणजे दातांच्या डॉक्टरची पहिली पदवी, झालेला प्रत्येक जण 'डेंटल सर्जन' अशी पाटी लावतो, मीही लावली आहे. जबडा कापून सरकवणारा सर्जन वेगळा. बी.डी.एस.नंतर ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी, म्हणजे तोंड आणि जबड्याची शस्त्रक्रिया, या विषयात तीन वर्षांचं एम.डी.एस. ही पुढची पदवी केलेला. नुसतं एम.डी.एस. वाचून भागत नाही, कारण तारा बसवणारेही एम.डी.एस.च असतात आणि हिरड्यांचेही; विषय वाचायचा. काही प्लॅस्टिक सर्जनही ही शस्त्रक्रिया करतात, शिक्षण आणि सराव असेल तर त्यालाही हरकत नाही. नाव खरंच त्या विषयात नोंदलं आहे का, हे राज्याच्या दंत परिषदेत कळतं. सीमेवर राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं : बेळगाव-धारवाडच्या डॉक्टरची नोंद बहुधा कर्नाटकात असते, कोल्हापूर-पुण्याच्या डॉक्टरची महाराष्ट्रात. एका यादीत नाव नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही.

आपल्या भागाला एक सोय आहे, ती लोकांना माहीत असूनही वापरली जात नाही. बेळगावात आणि धारवाडला दंत महाविद्यालयं आहेत, त्यांत हा विभाग असतो आणि तारांचा विभाग त्याच इमारतीत असतो. गोव्याला बांबोळीचं सरकारी दंत महाविद्यालय आहे. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तरच्या आसपास, दोन्हीकडे सरळ हायवे. तरी आमच्याकडचा माणूस 'चांगला डॉक्टर' म्हटलं की आधी पुण्याकडे बघतो.

तीन भेटी

मी तीन नावं दिली. तिन्ही भेटींना एकाच वहीत उत्तरं लिहून आणायला सांगितली, आणि ती मुलीने लिहायची, मामांनी नव्हे. कोण कुठला ते इथे सांगत नाही. ओळख पटू नये म्हणून घरच्यांचे काही तपशीलही बदलले आहेत.

पहिले सर्जन बोलायला गोड. पंधरा मिनिटांत त्यांनी संगणकावर मुलीचा नवा चेहरा तयार करून दाखवला, आई तर पाहतच राहिली. ते म्हणाले, फक्त खालचा जबडा मागे घेऊ, दोन तासांचं काम, तिसऱ्या दिवशी घरी, दिवाळीच्या आधी मोकळे. मामांनी तिथेच मान डोलावली. वहीत मुलीने एक ओळ लिहून आणली होती : 'तारा कोण लावणार हे सांगितलं नाही, विचारल्यावर म्हणाले कुणीही लावेल.'

माझ्या मते ती एक ओळ पुरेशी होती. या शस्त्रक्रियेत चाकू सर्जनचा असला तरी हाड कुठे जाऊन थांबणार हे दात ठरवतात, आणि दात तारावाला उभे करतो. ही दोघं एकमेकांशी बोलत नसतील तर टेबलावर सर्जनच्या हातात काही उरत नाही. दुसरी गोष्ट, एवढा मोठा फरक फक्त खालचा जबडा मागे ढकलून भरून काढला की जिभेची जागा आकसते, मागची श्वासाची वाट अरुंद होऊ शकते आणि पुढे घोरण्याचा त्रास मागे लागू शकतो. शिवाय खूप मागे घेतलेला खालचा जबडा पुन्हा पुढे सरकायला बघतो. वरचा पुढे आणलेला त्या मानाने जागेवर टिकतो. म्हणून हल्ली अशा चेहऱ्यांत दोन्ही जबडे थोडे थोडे हलवतात.

दुसरे एका दंत महाविद्यालयातले. तिथे आधी दीड तास बाकावर बसावं लागलं. नंबर आल्यावर तीन शिकाऊ डॉक्टरांनी तोच तोच इतिहास लिहून घेतला, आई वैतागली. मग सर आले. त्यांनी मुलीला बोटातली अंगठी दाखवायला सांगितली आणि विचारलं, गेल्या वर्षात घट्ट झाली का? चपलेचा नंबर वाढला का? आईला वाटलं हा माणूस काय विचारतोय. घरी येऊन मला सांगताना ती हसत होती. मी हसलो नाही. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा दोष असला तर मोठेपणीही हात, पाय आणि खालचा जबडा वाढत राहतो. अशा माणसाचा जबडा कापून मागे घेतला तर तो पुन्हा पुढे येणार. हिला तसं काही नव्हतं. पण विचारणारा तीन जणांत एकच निघाला.

त्यांनी घोरण्याचं विचारलं, कानाजवळच्या सांध्याला कट्कट होते का ते बोट ठेवून पाहिलं, आणि मग सांगितलं : आज मी काही ठरवत नाही. आजचा बाजूचा एक्स-रे ठेवू, सहा महिन्यांनी दुसरा काढू, दोन्ही एकावर एक ठेवू. वाढ थांबली असेल तर पुढे. तोवर शेजारच्या विभागातले तारांचे डॉक्टर आणि मी एकत्र बसून आराखडा करतो. मुलीने वहीतला प्रश्न विचारला, "सर, तुमच्या हातून बिघडलेली केस दाखवाल?" (प्रश्न माझा होता, धाडस तिचं.) ते थोडे थांबले आणि लॅपटॉप उघडून त्यांनी एक फोटो दाखवला. ऑपरेशननंतर दोन वर्षांनी पुढचे दात पुन्हा उघडे पडले होते. "हिला जीभ पुढे ढकलायची सवय होती. मी ती सोडवून घेतली नाही. चूक माझी."

"ऑपरेशन तुम्ही करणार की ही मुलं?" हा मामांचा प्रश्न, आणि प्रश्न चांगला होता. उत्तर असं आलं : हाड कापणं आणि बसवणं माझं, टाके आणि मदत त्यांची, आणि मी रजेवर असलो तर तारीख पुढे जाईल. मामांना हे फारसं पटलं नाही. फुकट शिकायला पोरगी द्यायची का, असं ते गाडीत म्हणाले म्हणे.

तिसरे पुण्याचे. तिथली तयारी तिघांत सर्वांत सरस, हे कबूल करायला हवं. पूर्ण त्रिमितीय स्कॅन, संगणकावर हाड कापून आधीच केलेली रंगीत तालीम, ऑपरेशनमध्ये जबडे नेमक्या जागी बसवायला छापून घेतलेली चाव्याची पट्टी. बोलणंही सरळ. खर्च महाविद्यालयाच्या साधारण तिप्पट, तरी वडील कर्ज काढायला तयार होते. अडचण होती ती पहिल्या दीड महिन्याची. टाके, वरचे-खालचे दात जुळवून धरणारं रबर, चाव्याची तपासणी. आठवड्याला एक फेरी आणि अधूनमधून अवेळी एक. निपाणीहून पुणे पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. सुजलेलं तोंड, पोटात फक्त पातळ, आणि गाडी लागण्याची सवय. मामा म्हणाले, पिंपरीत आमचे पाव्हणे हायत. पाव्हण्यांकडे सहा आठवडे मिक्सरमधून जेवण काढून घालायचं, यावर आईने काही न बोलता मामांकडे फक्त बघितलं.

मला शेवटी विचारलं तेव्हा मी दुसऱ्यांचं नाव घेतलं. चेहरा एका बाजूला वाकडा असता, किंवा आधी कुणी कापून बिघडवलेलं असतं, तर मी पुणंच सांगितलं असतं. हिचा जबडा दोन्ही बाजूंनी सारखा पुढे होता. असं काम नेमाने करणाऱ्या हाताला हे नवं नव्हतं. मग पारडं जवळ असण्याकडे आणि तारांच्या डॉक्टरकडे झुकलं. मामा दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत.

पैसा

थोडक्यात. घरच्यांची आरोग्य विमा पॉलिसी होती. कंपनीने आधीच कळवलं की ही सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आहे. प्रमाणित अटींत 'एक्सक्ल ०८' नावाचं कलम आहे, त्यात कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळली आहे. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची दुरुस्ती किंवा तातडीचा धोका दूर करणारे वैद्यकीय गरजेचे उपचार तेवढे अपवाद. सर्जननी चावणं, उच्चार, श्वास यांवर दोन पानी पत्र दिलं, तरी नकार कायम राहिला. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं होतं, त्याचं कात्रण मामा घेऊन आले. इकडे कर्नाटकाची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना. सीमेवरच्या माणसाला दोन सरकारं असतात, असं आम्ही चेष्टेने म्हणतो. यांच्या पदरात या वेळी दोन्हींतलं काही पडलं नाही. कुणी चौकशी करणार असेल तर गावात ऐकलेल्यावर न जाता, ज्या रुग्णालयात ऑपरेशन होणार तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, कार्ड घेऊन बसावं, आणि तेही तारीख ठरण्याआधी.

मधली दीड वर्षं

सहा महिन्यांनी दोन एक्स-रे जुळले, वाढ थांबली होती. वरच्या दोन उपदाढा मीच काढल्या. खालच्या अक्कलदाढा महाविद्यालयात काढल्या, शस्त्रक्रियेच्या आठ महिने आधी. खालचं हाड ज्या रेषेत उभं चिरतात, अक्कलदाढ नेमकी तिथेच बसलेली असते, आणि ती तशीच राहिली तर हाड भलतीकडे फुटण्याची भीती असते. ही उभी चीर १९५७ मध्ये ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी मांडली. वरच्या जबड्याच्या कापाला ल फोर्ट वन म्हणतात. रेने ल फोर्ट यांनी १९०१ मध्ये अभ्यासलं होतं ते मृतांच्या कवट्यांवर, मार बसल्यावर चेहरा कुठे कुठे फुटतो ते. त्यातल्याच एका रेषेवर आज मुद्दाम कापतात.

तारांचा काळ मुलीला सर्वांत जड गेला. दात सरळ उभे राहू लागले तसं हाडातलं लपलेलं सगळं अंतर उघडं पडलं. चारचे नऊ मिलिमीटर झाले. हे होणार असं सर्जन आणि तारांचे डॉक्टर दोघांनीही सांगितलं होतं, तरी एका लग्नात आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं, आधी बरी होतीस की!" ती त्यानंतर कॉलेजला स्कार्फ बांधूनच जायची. मे महिन्यातसुद्धा. एकदा माझ्याकडे येऊन म्हणाली, सगळं काढून टाका. मी तारांच्या डॉक्टरांना फोन लावून तिच्या हातात दिला. ते काय बोलले माहीत नाही, पण ती बावीस मिनिटं बोलत होती.

शस्त्रक्रियेआधीचा फॉर्म इंग्रजीत आणि कन्नडमध्ये होता. सर्जननी आधी आई-वडिलांना बाहेर बसवलं आणि मुलीला एकटीला मराठीत सगळं समजावलं. मग म्हणाले, आता तूच मला तुझ्या शब्दांत लिहून दे. वहीत ते पान आहे : 'खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होईल. काही महिन्यांत येईल, पण थोडा भाग कायम तसाच राहू शकतो. नाक थोडं रुंद दिसेल. दोन-तीन दिवस सूज वाढतच जाईल, घाबरायचं नाही. चेहरा माझा दिसेल की नाही असं पहिल्या आठवड्यात वाटेल.' बधिरपणाचं कारणही त्यांनी चित्र काढून दाखवलं होतं. ओठाची नस खालच्या हाडाच्या आतूनच जाते आणि हाड चिरताना ती ताणली जातेच.

वरचा जबडा सहा मिलिमीटर पुढे, खालचा पाच मागे, टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू. एक रात्र अतिदक्षता विभागात. घरी आल्यावर नाचणीची आंबील, डाळीचं गाळलेलं पाणी, ताक, आणि आजींच्या हातची पातळ कढी. देवाने दिलेलं तोंड म्हणणाऱ्या आजीच दर दोन तासांनी वाटी घेऊन उभ्या राहायच्या. नवव्या दिवशी रात्री एका बाजूचं रबर तुटलं आणि चावा घसरल्यासारखा वाटला. सर्जननी फोनवर फोटो मागवला, सकाळी पहिल्या एसटीने बोलावलं, अकरापर्यंत ती परत निपाणीत. त्या संध्याकाळी मामांचा मला फोन आला. रबराचा विषय निघाला, मग पावसाचा. पुण्याचा निघाला नाही.

आज

शस्त्रक्रियेला दीड वर्ष झालं. तारा निघाल्या आहेत, दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर ती रात्री लावते. चावा बसला आहे. नाक खरंच थोडं रुंद झालं आहे, ते आईला दिसतं, तिला नाही. 'स' अजून पूर्ण सुटलेला नाही. जिभेला जुनी सवय आहे, त्यासाठी वेगळा सराव चालू आहे. स्थळांचं तिने स्वतःच एम.कॉम.नंतरवर ढकललं.

परवा तपासायला आली तेव्हा मी कापूस आणि बोथट सुई घेऊन ओठ पाहिला. उजवीकडे सगळं कळतं. डावीकडे हनुवटीच्या जरा वर, रुपयाच्या नाण्याएवढी जागा अजून झोपलेली आहे. त्रास होतो का विचारलं. म्हणाली, तिथे कढी ओघळली तरी कळत नाही, म्हणून जेवताना डाव्या हाताशी रुमाल ठेवते. वहीत लिहिलंच होतं ना, म्हणाली, आणि रिटेनरची डबी पर्समध्ये टाकून उठली.